ब्रेक आउट: पेटलं की पेटवलं?

गेल्या महिन्यात माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा मराठी सारांश मी सरांना वाचायला दिला. पहिलंच वाक्य असं होतं: 'मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सावकारांविरुद्ध दंगे भडकले.' सरांनी बाकी कशालाच हात लावला नाही. फक्त 'भडकले' या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि समासात लिहिलं, "कोणी भडकवले? का आपोआप?"

खरं सांगायचं तर ते वाक्य मी मराठीत लिहिलंच नव्हतं. डोक्यात इंग्रजी होतं, 'द रायट्स ब्रोक आउट'. त्याचं मी मराठी केलं, इतकंच. 'ब्रेक आउट' हा शब्द माझ्या हाताखालून हजार वेळा गेलेला. एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीची दोन वर्षं 'आउटब्रेक' या शब्दाशिवाय एक दिवस गेला नसेल. आणि आता पीएच.डी.साठी मी जे शोधतेय तेही त्याच्या आसपासचंच आहे: एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी कागदांत रोगाची भाषा माणसांच्या वागण्याला कशी चिकटली. तरी सरांच्या त्या गोलापर्यंत या क्रियापदाकडे मी कधी नीट बघितलं नव्हतं. मग बघायचं ठरवलं. काय सापडलं ते इथे लिहिते.

एका क्रियापदाचे किती अवतार

'ब्रेक' म्हणजे मोडणं आणि 'आउट' म्हणजे बाहेर, हे आपल्याला पाचवीपासून माहीत असतं. दोन्ही जोडले की मात्र 'बाहेर मोडणं' असा अर्थ होत नाही. इंग्रजीत असली जोडक्रियापदं शेकड्यांनी आहेत. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला प्रसिद्ध शब्दकोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच त्याने कबूल केलं होतं की परक्या माणसाला इंग्रजी शिकताना सगळ्यात जास्त त्रास यांचाच होतो. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मात्र बरंच उशिरा रुळलं, लोगन पिअर्सल स्मिथच्या १९२५ च्या पुस्तकापासून.

आपल्याला हे अगदीच परकं वाटायला नको. संस्कृतात 'हृ' हा एकच धातू, पण उपसर्ग बदलला की आहार, विहार, प्रहार, संहार. वेदांच्या भाषेत तर उपसर्ग क्रियापदापासून सुटा होऊन वाक्यात दुसरीकडेही बसायचा. इंग्रजीने उपसर्ग क्रियापदाच्या मागे नेऊन बसवला, एवढाच फरक समजा.

आता 'ब्रेक आउट' कुठे कुठे वापरतात ते बघा आणि प्रत्येक ठिकाणी आपण मराठीत काय म्हणतो तेही बघा.

रोग ब्रेक आउट होतो: आपल्याकडे साथ येते, पसरते, फैलावते.
आग ब्रेक आउट होते: आपल्याकडे आग लागते.
युद्ध किंवा भांडण ब्रेक आउट होतं: आपल्याकडे युद्धाला, वादाला तोंड फुटतं.
बंड ब्रेक आउट होतं: आपल्याकडे बंड उठतं.
अंग ब्रेक आउट होतं: आपल्याकडे अंगावर पुरळ उठतं.
माणूस घामाने ब्रेक आउट होतो: आपल्याला घाम फुटतो.
कैदी ब्रेक आउट होतो: आपल्याकडे तो तुरुंग फोडून पळतो.
पाहुणे आले की ठेवणीतल्या बशा ब्रेक आउट करतात: आपण त्या बाहेर काढतो.
आकडे ब्रेक आउट करतात: आपण त्यांची तालुकावार फोड करतो.

शेअर बाजारातला ब्रेकआउट आणि ऑनलाइन मीटिंगमधली ब्रेकआउट रूम हे अलीकडचे. त्यांना आपण मराठी शब्द शोधायच्या भानगडीत पडलो नाही.

म्हणजे इंग्रजीत जिथे एका शब्दावर भागतं तिथे मराठीला लागणं, येणं, उठणं, फुटणं, फोडणं, काढणं असे सहा-सात शब्द लागतात. हे काम जेम्स मोल्सवर्थ आणि थॉमस कँडी यांच्या वाट्याला आलं. त्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली आणि पहिल्या कोशाची वाढवलेली आवृत्ती १८५७ साली. या दोन भाषांमध्ये ये-जा करणाऱ्याला आजही हे कोश सोडता येत नाहीत.

फुटणं आणि फोडणं

मला रस आहे तो मात्र शब्दांच्या संख्येत नाही. वरची यादी पुन्हा वाचा. कैदी, बशा आणि आकडे सोडले तर बाकी सगळीकडे कर्ता गायब आहे. आग लागते, साथ येते, घाम फुटतो. कोणी काही करत नाही, नुसतं होतं.

मराठीत अशा 'होणाऱ्या' क्रियापदांना बहुतेक वेळा एक 'करणारी' जोडी असते. फुटणं-फोडणं, तुटणं-तोडणं, जळणं-जाळणं, पेटणं-पेटवणं, उठणं-उठवणं, पडणं-पाडणं. घर पडलं म्हटलं की पाऊस, वाळवी, म्हातारपण. घर पाडलं म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कोणी? स्वर जरासा बदलतो आणि वाक्यात माणूस येऊन उभा राहतो.

इंग्रजीत काच फुटली आणि काच फोडली, दोन्हीला 'ब्रेक'च. पण दंग्याच्या अर्थाने 'ब्रेक आउट' घेतलं तर त्याला 'करणारी' बाजूच नाही. दंगा ब्रेक आउट होतो. अमक्याने दंगा ब्रेक आउट केला असं इंग्रजीत म्हणताच येत नाही. त्या क्रियापदात माणसाला जागाच ठेवलेली नाही.

हे व्याकरण झालं. याने काय बिघडतं ते कळायला शिरूर आणि दौंडला जावं लागेल.

करडे ते सुपे

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे एक रस्ता चौफुल्याला येतो आणि तिथून पुढे सुप्याला जातो. अर्धा रस्ता शिरूर तालुक्यात, मग दौंड तालुका, आणि सुपे आज बारामती तालुक्यात. १८७५ साली तालुक्यांच्या हद्दी अशा नव्हत्या. आजचा दौंडचा बराचसा भाग आणि सुपे मिळून भीमथडी तालुक्यात होते. ते नाव आता भीमथडीच्या तट्टांमुळेच लोकांना आठवतं.

पुस्तकात वाचलं तर गोष्ट १२ मे १८७५ ला सुरू होते. त्या बुधवारी आजूबाजूच्या गावांतले शेतकरी सुप्यात जमले आणि सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चालून गेले. मागणी एकच, वह्या आणि कर्जाची खतं काढा. सावकाराचं एक घर जाळलं, डझनभर घरं फोडली. वह्या, रोखे, धान्य, कापड रस्त्यात आणून पेटवलं. मग भीमथडी, इंदापूर, पुरंदर, हवेली, शिरूर आणि पलीकडे नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, कर्जत असं ते पसरत गेलं. तीसहून जास्त गावं. लष्कर बोलवावं लागलं. ९५१ जणांना पकडलं.

या प्रकाराला 'ब्रोक आउट' अगदी फिट बसतं. काल काही नव्हतं, आज एकदम उसळलं.

पण मागे जा. डिसेंबर १८७४, शिरूर तालुक्यातलं करडे. तिथल्या एका सावकाराने गावातल्या एका देशमुखावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला. त्यात देशमुखाचं घर सावकाराच्या हाती आलं, आणि ते त्याने पाडायला काढलं. लक्षात घ्या, घर पडलं नव्हतं, पाडलं जात होतं, आणि कोण पाडतोय हे अख्ख्या गावाला दिसत होतं.

गावाने त्यावर दंगा केला नाही. गाव बसलं आणि ठरवलं की या सावकारांशी व्यवहार बंद. त्यांची शेतं कोणी करायची नाहीत, त्यांच्या दुकानात जायचं नाही. न्हाव्याने हजामत करायची नाही, पाणक्याने पाणी भरायचं नाही, घरगड्याने कामाला जायचं नाही. हे आजूबाजूच्या गावांतही गेलं आणि काही ठिकाणी गावकऱ्यांनी तसे करार लिहून काढले. याला आपण आज बहिष्कार म्हणतो. इंग्रजीत यासाठी 'बॉयकॉट' शब्द आला तो आयर्लंडमधल्या कॅप्टन चार्ल्स बॉयकॉटवरून, १८८० साली. करड्याच्या लोकांनी इंग्रजीत शब्द नसलेली गोष्ट सहा वर्षं आधी करून दाखवली होती.

त्याच्याही मागे जाता येतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ नंतर इकडच्या कापसाला भाव आला, सावकारांनी मोकळ्या हाताने कर्ज दिलं. १८६५ ला युद्ध संपलं, भाव पडला आणि कर्ज तसंच राहिलं. त्याच सुमारास जमिनीची फेरमोजणी होऊन सारा वाढवला गेला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखत तीनच वर्षं चालणार असं ठरवलं होतं. हेतू शेतकऱ्याला वाचवण्याचा होता. झालं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार खत नवं करून घ्यायचा, मागचं व्याज मुद्दलात चढायचं आणि वाचता न येणारा माणूस खाली अंगठा उठवायचा. कुणब्याला कागदाचा इतका राग का, ते इथे कळतं.

म्हणून मे महिन्यात काय जाळलं ते बघायला हवं. जमाव खतं मागत होता. ज्या सावकाराने ती मुकाट्याने काढून दिली त्याला बहुतेक ठिकाणी हात लावला नाही. जिथे नाही म्हटलं गेलं तिथे मारहाण झाली, आग लावली गेली. एवढ्या गावांत एवढं होऊनही मोठा रक्तपात झाला नाही. महाराणीनेच सावकारांना रोखे परत द्यायला सांगितलंय, अशी अफवाही फिरत होती. म्हणजे आपण करतोय ते कायदेशीरच आहे, असं काही जणांना वाटत असणार.

पाच महिने आधी झालेली ठरावाची बैठक, लिहून काढलेले करार, नेमकी मागणी, नेमके कागद. हे सगळं 'भडकले' या एका शब्दात बसवायचं म्हणजे काय बाहेर राहतं, ते माझ्या लक्षात आलं.

ही तक्रार माझ्या आधीची आहे

हे मी पहिल्यांदा म्हणतेय असं नाही. इतिहासकार रणजित गुहा यांनी १९८३ च्या एका निबंधात सरकारी कागदांची भाषा सोलून दाखवली होती. शेतकऱ्यांचा उठाव म्हटलं की तो वादळासारखा येतो, वणव्यासारखा पसरतो, साथीसारखा लागतो, असंच लिहिलेलं सापडतं. निसर्गाच्या उपमा वापरल्या की शेतकऱ्याला डोकं असण्याची गरज उरत नाही, हा त्यांचा मुद्दा. उलट बाजूने नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये असं मांडलं की या दंग्यांचा खरा आवाका लहान होता, त्यांचं महत्त्व नंतर फुगवलं गेलं. दोघांचं वाचल्यावर एक गोष्ट पटते. घटना छोटी असो की मोठी, ती कोणी केली आणि कोणत्या हिशोबाने केली, हे शब्दाने गिळता कामा नये.

सरकारला या शब्दाचा फायदा होता. दख्खन दंगे आयोगाचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. त्यात दोष मुख्यतः सावकारीवर आला, सरकारी साऱ्यावर आला नाही. पुढच्याच वर्षी, १८७९ साली, दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून थोडी सोडवणूक देणारा कायदा झाला. म्हणजे शेतकऱ्यांना काहीतरी मिळालं. पण गोष्ट सांगताना शेतकरी म्हणजे तापलेलं भांडं आणि सावकार म्हणजे खालचा जाळ. चूल कोणी मांडली हा प्रश्न बाजूला राहिला.

गंमत म्हणजे हेच सरकार कोर्टात मात्र 'ब्रोक आउट' म्हणू शकत नव्हतं. ९५१ माणसं पकडली तर प्रत्येकावर आरोप हवा: अमक्याने दार फोडलं, तमक्याने आग लावली. अहवालात फुटणं आणि कोर्टात फोडणं. दोष द्यायचा तेव्हा कर्ता सापडतो, आणि कारण शोधायचं तेव्हा हरवतो.

मायक्रोबायॉलॉजीवाली काय म्हणते

आता माझ्या जुन्या विषयाबद्दल. सुरुवातीला मला वाटलं की रोगाची भाषा हीच वाईट, ती टाळावी. पण आमच्याकडे 'आउटब्रेक'ला नेमकी व्याख्या आहे: एखाद्या ठिकाणी, एखाद्या काळात, नेहमी अपेक्षित असतात त्यापेक्षा जास्त रुग्ण आढळणं. आणि आउटब्रेक म्हटलं की आमचं काम संपत नाही, सुरू होतं. पहिला रुग्ण कोण? संसर्ग कुठून? लक्षणं दिसण्याआधी किती दिवस गेले? जॉन स्नोने १८५४ साली लंडनमधल्या कॉलऱ्याचा माग काढत काढत एका पाण्याच्या पंपापर्यंत पोचून दाखवलं, ते याच प्रश्नांमुळे.

मराठीत आपण आउटब्रेकला 'उद्रेक' म्हणतो. ज्वालामुखीमुळे आपल्याला त्यात स्फोट ऐकू येतो. मुळात मात्र संस्कृतात उद्रेक म्हणजे अधिक्य, प्रमाणाबाहेर वाढणं. पित्ताचा उद्रेक म्हणतात तो याच अर्थाने. म्हणजे जुना शब्द आमच्या आजच्या व्याख्येच्या जास्त जवळ आहे. उद्रेक म्हटलं की विचारावं लागतं, कशापेक्षा जास्त? किती काळ साचत होतं?

या नजरेने बघितलं तर करड्याचा डिसेंबर आणि सुप्याचा मे यांच्यातले पाच महिने हा लक्षणं दिसण्याआधीचा काळ ठरतो. हे लिहून मी खूश झाले होते. मग वाटलं, थांब. असं म्हटलं की शेतकरी पुन्हा जंतू झाले. जंतू बैठक घेत नाहीत, करार लिहीत नाहीत, खत दिलं तर माघारी फिरत नाहीत. रोगाच्या भाषेतून प्रश्न विचारायची सवय घ्यावी, उत्तरं घेऊ नयेत. सध्या तरी मी एवढ्यावर आले आहे.

मग वाक्य काय केलं?

आधी 'भडकले'च्या जागी 'उसळले' घातलं. मग 'उफाळले', 'पेटले', 'उद्भवले'. अर्धा तास समानार्थी शब्द बदलत बसले आणि लक्षात आलं की सगळे एकाच कुळातले आहेत. शब्द बदलतोय, कर्ता येतच नाहीये. 'दंगे करण्यात आले' हे तर त्याहून वाईट. 'करण्यात आले', 'जाळण्यात आले' ही आपली सरकारी मराठी. तिच्यात 'करणारं' क्रियापद असूनही माणूस नाही. त्यामुळे इंग्रजीला नावं ठेवून आपल्याला सुटता येणार नाही. लपायचं असेल तर मराठीतही भरपूर जागा आहे.

'उठाव केला' हे बरं होतं, पण त्यातही एक अडचण. 'उठाव' म्हटलं की सगळं आपोआप उदात्त होतं. सावकाराच्या घरातही बायकामुलं होती, आणि रात्री दाराशी कुऱ्हाडी घेऊन माणसं आली तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, तेही इतिहासातच येतं. कर्ता वाक्यात आणायचा तर त्याने केलेलं सगळं त्याच्या नावावर टाकावं लागतं, श्रेयही आणि आगही.

शेवटी वाक्य असं झालं: 'डिसेंबर १८७४ पासून शिरूर तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार घातला, मे १८७५ मध्ये सुपे आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं हिसकावून जाळली आणि काही ठिकाणी त्यांची घरंही पेटवली.' लांब आहे. सारांशाची शब्दमर्यादा ओलांडली म्हणून खालची दोन वाक्यं कापावी लागली. सरांनी या वेळी काही लिहिलं नाही, फक्त बरोबरची खूण केली.

तेव्हापासून रोजचं वर्तमानपत्र वाचताना माझी नजर क्रियापदावर जाते. हिंसाचार उसळला, वाद पेटला, तणाव निर्माण झाला. प्रत्येक वेळी मनातल्या मनात जोडीचा शब्द लावून बघते: उसळवला? पेटवला? निर्माण केला? कधी खरोखरच कोणी नसतं. पण बऱ्याचदा असतं.

आणि आपल्याच भाषेत एक वाक्प्रचार आहे, जो मला या सगळ्या खटाटोपानंतर नव्याने ऐकू आला: अन्यायाला वाचा फोडणं. वाचा आपली आपण फुटत नाही. ती कोणीतरी फोडावी लागते. करड्याच्या लोकांनी ती डिसेंबरातच फोडली होती. आपण गोष्ट मे महिन्यापासून सांगत आलो.